टायरवर न छापलेले आकडे

नवा टायर रिमवर चढवण्याआधी मी तो उजेडात धरून त्याच्या बाजूवरचा सगळा मजकूर वाचते. काळ्या रबरावर काळीच उठावाची अक्षरं असतात, त्यामुळे टायर जरा तिरपा करावा लागतो. ३७-६२२ असं लिहिलेलं दिसतं. हवा भरल्यावर रुंदी साधारण ३७ मिलिमीटर आणि टायरच्या कडेतली तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास ६२२ मिलिमीटर, असा त्याचा अर्थ. शेजारी त्याच मापाची जुनी ओळख असते, ७०० × ३५सी किंवा २८ इंची. चाक कुठल्या दिशेने फिरायला हवं ते सांगणारा बाण असतो. शेवटी हवेचा आकडा येतो, बहुतेक वेळा किमान आणि कमाल असा जोडीने: ५० ते ८५ पीएसआय, म्हणजे साधारण साडेतीन ते सहा बार. बहुतेक टायरवर मजकूर इथेच संपतो.

मोटारीच्या टायरवर मात्र मापाच्या पुढे ९१व्ही अशी एक छोटी खूण असते. ९१ म्हणजे त्या एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो भार, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. भार आणि वेग शेजारी शेजारी छापलेले असतात, कारण टायरच्या दृष्टीने त्या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. सायकलच्या टायरवर सहसा यातलं काहीच नसतं. काही कंपन्या भाराचा आकडा माहितीपत्रकात देतात, थोड्या कंपन्या टायरवरही छापतात. बाकीच्या ठिकाणी आपल्या हाती फक्त हवेचा आकडा उरतो. माझ्या सायकलच्या कॅरिअरवर मुलगी बसते, दोन्ही बाजूंना पिशव्या असतात, वाटेत लांबलचक उतार असतो. या सगळ्याला खालचा टायर पुरेसा आहे का, हा प्रश्न मला सायकलबद्दलच्या इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ब्रेकची तार तुटली तर दुसरा ब्रेक असतो, साखळी तुटली तर आपण थांबतो. उतारावर पुढचा टायर रिमवरून निघाला तर हातात काहीही उरत नाही.

म्हणून न छापलेले आकडे स्वतःच शोधायला हवेत. गणित अवघड नाही.

सुरुवात हवेपासून करावी लागते, कारण भार उचलते ती हवा. रबर आणि आतलं कापड हवेला फक्त कोंडून धरतात. एका चाकावर ५० किलो भार आहे आणि टायरमध्ये ५ बार हवा आहे असं धरू. ५० किलो म्हणजे सुमारे ४९० न्यूटन. ५ बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला अर्धा न्यूटन. भागाकार केला की ९८० चौरस मिलिमीटर येतात. म्हणजे जमिनीला टेकलेला टायरचा भाग सुमारे दहा चौरस सेंटिमीटर, हाताचे दोन अंगठे दाबून उमटतील तेवढा. टायरच्या स्वतःच्या ताठरपणामुळे यात थोडा फरक पडतो, पण हिशोबाचा गाभा हाच. भार दुप्पट केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर टेकलेला भाग दुप्पट व्हायला हवा, आणि तो दुप्पट व्हायचा तर टायर अधिक चेपायला हवा. चेपता चेपता रिम जमिनीच्या किती जवळ यावी, याला मर्यादा आहे. टायरचा भार नावाची वेगळी अशी गोष्ट नसते. दिलेल्या हवेत आणि दिलेल्या रुंदीत टायर किती चेपू द्यायचा, यावर तो ठरतो.

मग हवा वाढवत का जाऊ नये? इथे आतल्या कापडाचा ताण आडवा येतो. फुगलेल्या नळीच्या भिंतीवर येणारा ताण हा दाब गुणिले त्रिज्या एवढा असतो. २५ मिलिमीटर रुंद टायरमध्ये ७ बार भरले तर कापडाच्या दर मिलिमीटर लांबीवर पावणेनऊ न्यूटन ताण येतो. ५० मिलिमीटर रुंद टायरमध्ये तेवढीच हवा भरली तर साडेसतरा. म्हणजे त्याच ताकदीचं कापड वापरलं तर रुंद टायरला साडेतीन बारच सोसतील. रुंद टायरवरचा कमाल आकडा लहान दिसतो तो यामुळे, आणि अनेकजण तो बघून टायर कच्चा आहे असं समजतात. प्रत्यक्षात रुंद टायर कमी दाबातही अधिक भार पेलतो, कारण त्याला जमिनीवर पसरायला जागा आहे आणि चेपायला उंची आहे. जड सायकलला अरुंद टायर लावून तो दगडासारखा कडक फुगवायचा, हा आजही दिसणारा प्रकार मला धोक्याचा वाटतो. वजन वाढलं की आधी रुंदी वाढवावी, मग हवेचा विचार करावा.

फुगवलेला टायर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७-८८मध्ये बेलफास्टला आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला. त्याआधी १८४५मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हीच कल्पना पेटंटसाठी मांडली होती, पण तेव्हा ती रुजली नाही. डनलॉप यांना हवी होती ती मुलाला बसणारे धक्के कमी करणारी चाकं. भार किती उचलायचा हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसावा. नंतर याच रचनेवर माणसांनी काय काय लादलं! १९५४मध्ये व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत हजारो सायकलींवरून धान्य आणि दारूगोळा डोंगरवाटांनी नेला गेला. एकेका सायकलवर २०० किलोहून जास्त माल असायचा, काही खेपा ३०० किलोच्याही वर गेल्या. टायर टिकावा म्हणून आत कापडाच्या पट्ट्या गुंडाळत. हे टायर काही जगावेगळे नव्हते. पण त्या सायकली कुणी चालवत नव्हतं. हँडलला आणि सीटच्या नळीला काठ्या बांधून माणसं त्या चालत ढकलत नेत होती. एरवी स्वारासकट शंभर किलोला पुरणारा टायर तिप्पट भार सहन करतो, कारण वेग पायी चालण्याइतका आहे. जड वाहनांच्या टायरचे तक्तेही हेच सांगतात: वेग कमी ठेवणार असाल तर भार वाढवायला मुभा आहे. त्यामुळे ‘हा टायर किती किलो उचलेल’ असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती वेगाने?

आता त्या वेगाकडे यायला हवं, पण त्याआधी वजनाबद्दलचा एक मोठा गैरसमज. आपण सायकल आणि स्वार मिळून किती किलो होतात ते मोजतो, दोनाने भागतो आणि एका टायरचा भार मिळाला असं मानतो. साध्या बसण्याच्या पद्धतीत मागच्या चाकावर सुमारे ५५ ते ६० टक्के आणि पुढच्यावर उरलेला भार असतो. मागे मूल किंवा सामान असेल तर मागचा वाटा आणखी वाढतो. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं, म्हणून मागच्या टायरमध्ये जास्त हवा भरतात आणि पुढच्याकडे दुर्लक्ष करतात.

पण हे आकडे सायकल सरळ, सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालली असेल तेव्हाचे. ब्रेक दाबला की चित्र उलटतं. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो धरू, पुढे ४० आणि मागे ६०. एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १.१ मीटर उंच असतो आणि दोन चाकांच्या आसांमधलं अंतर सुमारे १.०५ मीटर. समोर कुणी अचानक आलं आणि जोरात ब्रेक दाबला, इतका की वेग गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने कमी होतोय. अशा वेळी मागच्या चाकावरून पुढच्यावर सरकणारा भार सुमारे ५२ किलो भरतो. म्हणजे पुढे ९२ आणि मागे फक्त ८! ताशी ३० किलोमीटरवरून थांबायला अशाने सात मीटर आणि दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो. तेवढ्या वेळात पुढच्या टायरने जवळजवळ सगळी सायकल एकट्याने पेललेली असते, आणि सोबत ब्रेकची सगळी ओढही सोसलेली असते.

हे गणित मी कागदावर पहिल्यांदा मांडलं तेव्हापासून पुढचा टायर माझ्यासाठी दोघांमधला थोरला झाला. जुना झिजलेला टायर पुढे लावायचा आणि नवा मागे, कारण मागचा लवकर झिजतो, हा सल्ला सर्रास दिला जातो. झिजण्याच्या बाबतीत तो बरोबर आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत मला तो मुळीच पटत नाही. मागचा टायर फुटला तर सायकल डगमगते, पण बऱ्याचदा सावरता येते. पुढचा गेला तर हँडल वळवण्याचा अर्थच संपतो. चांगला टायर पुढे हवा.

खड्ड्याचं गणित याहून कठोर आहे. चाक खड्ड्याच्या काठावर आपटतं तेव्हा त्याला एका क्षणात वर उचललं जावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ ऐवजी ३० किलोमीटरने तोच खड्डा आला तर धक्का चौपट. ही ऊर्जा टायरच्या चेपण्यात मुरायला हवी. टायरची उंची संपली की रिम थेट काठावर बसते आणि मधे सापडलेल्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडछिद्रं दिसली की समजावं, त्या दिवशीच्या भाराला आणि वेगाला हवा कमी पडली, किंवा टायरच अरुंद पडला. खिळा शोधत बसण्यात अर्थ नसतो. तोच धक्का ट्यूबऐवजी टायरच्या बाजूतल्या धाग्यांना बसला तर ते आतून तुटतात. काही दिवसांनी तिथे फुगा येतो, चाक फिरवलं की ब्रेकच्या रबराला घासून जातो. असा टायर पुढच्या वळणापर्यंतही वापरू नये, घरापर्यंत सायकल ढकलत न्यावी.

वळणावरही भार वाढतो, फक्त कमी. सायकल ३० अंश कलली तर टायरवरचा एकूण भार सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. भार फार नाही, पण हवा कमी असेल तर टायर आडवा लोळतो आणि सायकल आपण दाखवलेल्या वाटेने न जाता जरा बाहेरच्या वाटेने जाते.

एवढं झाल्यावर प्रश्न येतो, नुसत्या वेगाने टायरला काय होतं? मोटारीच्या टायरला वेगमर्यादा असते ती मुख्यतः उष्णतेमुळे. चाक फिरताना टायरचा टेकलेला भाग सतत चेपतो आणि सुटतो, त्यात रबर तापतं. सायकलच्या बाबतीत ही उष्णता थोडी असते. १०० किलोची सायकल चांगल्या टायरवर ताशी ३० किलोमीटरने चालली तर दोन्ही टायर मिळून ५० वॅटच्या आत उष्णता तयार होते, आणि समोरून येणारा वारा ती सहज घेऊन जातो. फिरण्यामुळे टायर बाहेर फेकला जाण्याचा जोरही किरकोळ असतो. ६०० ग्रॅमचा, २.२ मीटर परिघाचा टायर ताशी ३० किलोमीटरने फिरला तर त्याच्या वेढ्यावर येणारा जादा ताण सुमारे १९ न्यूटन, दोन किलोच्या वजनाइतका. हवेने आलेल्या ताणापुढे तो लक्षातही येत नाही. मात्र हा ताणही वेगाच्या वर्गाने वाढतो. १६ सप्टेंबर २०१८ रोजी डेनिस म्युलर-कोरेनेक यांनी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मीठमैदानावर, शर्यतीच्या मोटारीच्या आडोशाने, सायकलवर ताशी २९६ किलोमीटरचा वेग गाठला. त्या वेगाला आपला ६०० ग्रॅमचा टायर १८०० न्यूटनहून जास्त ताणला गेला असता. त्यांच्या सायकलला मोटरसायकलची १७ इंची चाकं होती, ती उगाच नव्हेत.

आपल्यासारख्यांच्या वेगाला टायर नुसत्या फिरण्याने फुटत नाही. वेगाची मर्यादा ठरते ती आपटण्याने, ब्रेक दाबण्याने आणि उतारावरच्या उष्णतेने.

मात्र विजेवर चालणाऱ्या सायकलींनी हा विषय बदलायला सुरुवात केली आहे. त्यांचं वजन सहज २०-२५ किलो असतं, मालवाहू असतील तर कितीतरी जास्त, आणि पूर्वी उतारावर क्षणभर मिळणारा वेग आता सपाट रस्त्यावर तासभर टिकतो. युरोपात ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मोटरची मदत देणारी सायकल ही सायकलच मानली जाते. ४५ किलोमीटरपर्यंत मदत देणारी कायद्याने मोपेडच्या वर्गात जाते, आणि अशा सायकलींसाठी बनवलेल्या टायरवर ईसीई-आर७५ ही मोटरसायकल-मोपेडच्या टायरच्या आंतरराष्ट्रीय नियमाची खूण दिसते. श्वाल्बे कंपनी आपल्या टायरवर ई-२५ आणि ई-५० असे शिक्के छापते, म्हणजे ताशी २५ आणि ५० किलोमीटरपर्यंतच्या वापरासाठी. हे बघून मला मनापासून आनंद झाला. शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, सायकलच्या टायरवर वेग छापला जाऊ लागला. हाच नियम साध्या सायकलींना का नको? जड सामान लादलेली साधी सायकल लांब उतारावर ताशी ५० किलोमीटरने जाते, तेव्हा तिला मोटर आहे की नाही हे टायरला कसं कळणार?

उताराबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण भार आणि वेग यांची सगळ्यात वाईट गाठ तिथे पडते. रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलीत ब्रेकची सगळी उष्णता रिममध्ये जाते, आणि टायर त्याच रिमवर बसलेला असतो. शंभर किलोची सायकल ८ टक्के उतारावर एकसारखा ब्रेक धरून उतरते आहे असं धरू. फार हळू उतरली तर दर सेकंदाला उतरण्यातून मिळणारी ऊर्जाच थोडी असते. खूप वेगात उतरली तर मोठा वाटा वारा खातो. सर्वात वाईट वेग या दोन्हींच्या मधला, ताशी ३० किलोमीटरच्या आसपासचा. तिथे ब्रेकवर सुमारे ४०० वॅट येतात. सामान किंवा दुसरा माणूस धरून एकूण १६० किलो झाले तर हा आकडा साधारण ८०० वॅटवर जातो, आणि सर्वात वाईट वेगही थोडा वर सरकतो. वजन दीडपटीहून थोडं जास्त वाढलं, उष्णता मात्र दुप्पट झाली, कारण वाऱ्याचा वाटा वजनाबरोबर वाढत नाही.

रिम तापली की आतली हवा तापते. टायरमध्ये ७ बार हवा भरली तेव्हा तापमान २० अंश सेल्सियस होतं आणि उतारावर ते ८० अंशांवर गेलं असं समजू. बाहेरच्या हवेचा १ बार मिळवून गणित केलं की दाब सुमारे ८.६ बार होतो. आधीच कमाल आकड्यापर्यंत भरलेला टायर आता त्याच्या बराच वर गेलेला असतो, तेही रबर गरमीने मऊ पडलेलं असताना. सरसाने चिकटवलेले टायर असतील तर तो सरसही सैल होतो. सायकल शांतपणे, एका वेगाने, ब्रेकचा बारीक आवाज करत उतरते आहे, असं सगळं सुरक्षित वाटत असतानाच हे घडतं, म्हणून याबद्दल बोलावं लागतं. ब्रेक सतत धरून ठेवू नये. सरळ पट्ट्यात जिथे समोरचं नीट दिसतं तिथे वेग वाढू द्यावा, वाऱ्याला त्याचा वाटा घेऊ द्यावा, आणि वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवावा. ओझं जास्त असेल किंवा मागे मूल असेल तर वेग वाढू देणं योग्य नाही. मग मधे थांबायचं, उतरायचं, रिम गार होऊ द्यायची. रिमला बोट लावायला जाऊ नये, भाजतं. डिस्क ब्रेकमध्ये ही उष्णता टायरपासून दूर, मधल्या चकतीवर जाते. जड सायकलींना तेच ब्रेक असावेत असं माझं ठाम मत आहे.

रिमची गोष्ट निघालीच आहे तर तिची स्वतःची मर्यादाही सांगायला हवी. टायरवर ८५ पीएसआय छापलं म्हणजे ते कुठल्याही रिमवर चालेल असं नाही. रिमलाही हवेची कमाल मर्यादा असते, आणि दोघांपैकी जी कमी ती खरी. आजकाल कडेला आत वळलेला हुक नसलेल्या, सरळ भिंतीच्या रिम येतात. टायरची तार धरून ठेवायला तिथे हुकच नाही, त्यामुळे अशा रिमवर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही वरची हद्द आहे. शिवाय टायर अशा रिमसाठी मान्य केलेला हवा आणि त्याची रुंदी रिमला जुळणारी हवी. फेब्रुवारी २०२४मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या शर्यतीत थॉमस डी गेंड्ट या बेल्जियन शर्यतपटूचा टायर अशाच रिमवरून निघाला, तो पडला, आणि या रिमबद्दलचा वाद सायकलजगतात पेटला. व्यावसायिक संघाकडे मेकॅनिक असतात, मोजमापं असतात. तिथे हे घडतं. एकट्याने सायकल वापरणाऱ्याने अशा रिमवर जड भार लादू नये, एवढंच मी म्हणेन.

रिमवर ब्रेक असतील तर ब्रेकचं रबर वर्षानुवर्षं रिमची भिंत घासत असतं. भिंत आतल्या बाजूला खोलगट होते. ती पातळ झाली की एखाद्या दिवशी टायरच्या दाबाने तीच फाटते, आणि आवाज टायर फुटल्यासारखा येतो. अनेक रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका कोरलेला असतो. तो दिसेनासा झाला की रिम बदलावी. टायर कितीही चांगला असला तरी.

आयएसओ ४२१० या सायकल-सुरक्षेच्या मानकात टायरची एक चाचणी आहे. कमाल आकड्याच्या ११० टक्के हवा भरून किमान पाच मिनिटं ठेवायची, तेवढ्यात टायर रिमवरून सुटता कामा नये. चाचणी चांगली आहे, पण ती उभ्या चाकावरची आहे. वर कुणी बसलेलं नाही, खड्डा नाही, उतार नाही, टायर कोरा आहे. वापरलेल्या टायरला त्या ११० टक्क्यांचा भरवसा लागू होत नाही. उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने बाजूचं रबर तडकतं, नक्षी झिजून खालचे धागे दिसू लागतात, तारेजवळचं कापड रिमला घासून विरतं. असा टायर रिकाम्या सायकलला कदाचित अजून काही दिवस चालेल. मागे कुणी बसणार असेल तर तो लावूच नये.

सायकलबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतही कमाल एकूण वजनाचा आकडा असतो, अनेकदा १२० किलो. तो स्वाराचा नव्हे. सायकल, स्वार, पिशव्या, पाण्याची बाटली, मागचं आसन, त्यातलं मूल, सगळं त्यात आलं.

मी स्वतः काय करते ते सांगते. सामानासकट प्रत्येक चाकाखालचा भार वजनकाट्यावर घेते. दुसरं चाक तेवढ्याच उंचीच्या पाटावर ठेवायचं, म्हणजे सायकल तिरपी होत नाही. मग हवा किती भरायची ते टायरच्या चेपण्यावरून ठरवते. फ्रँक बेर्टो या अभियंत्याने मोजमापं करून सुचवलेला नियम असा की भार आल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्क्यांनी कमी व्हावी. ३७ मिलिमीटरच्या टायरला हे साडेपाच मिलिमीटर होतात. आधी रिकाम्या सायकलच्या रिमचं जमिनीपासूनचं अंतर पट्टीने मोजायचं, मग सगळा भार लादून पुन्हा मोजायचं. बसलेल्याने स्वतः मोजता येत नाही, दुसरं कुणीतरी लागतं. आमच्याकडे हे काम मुलगी करते, तिचं वजन मोजायची पाळी येते तेव्हा आम्ही जागा बदलतो. १५ टक्के चेपण्यासाठी लागणारी हवा टायरच्या किंवा रिमच्या कमाल आकड्याच्या वर जात असेल, तर तो टायर त्या भारासाठी नाही. दुसरं काही करून पाहण्यात अर्थ नाही. रुंद टायर घ्यायचा, किंवा सामान कमी करायचं. पुढच्या चाकाला नियमाने येते त्याहून थोडी जास्तच हवा ठेवते, वर सांगितलेल्या ब्रेकच्या हिशोबामुळे.

हवा मोजल्याशिवाय भारी सामान लादत नाही. अंगठ्याने टायर दाबून पाहणं रिकाम्या सायकलला पुरतं. पण ४ बार आणि ५ बार यांतला फरक अंगठ्याला कळत नाही, आणि जड सायकलला नेमका तोच फरक लागतो. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतच असते, न वापरलेल्या सायकलमधूनसुद्धा.

मिळालेले आकडे मी सायकलच्या सांगाड्यावर, सीटच्या नळीला, पुसला न जाणाऱ्या रंगाने लिहिले आहेत: एकटी असताना पुढे किती, मागे किती, मुलगी आणि पिशव्या असताना किती, आणि भरल्या सायकलचा माझा स्वतःचा वरचा वेग, ताशी २५ किलोमीटर. हा शेवटचा आकडा कुठल्या तक्त्यातला नाही. आमच्या टायरची उंची, रस्त्यावरचे खड्डे आणि ब्रेक लावायला लागणारं अंतर धरून मी तो ठरवला आहे. मुलीचं वजन वाढतं तसा मधला आकडा खोडून नवा लिहिते. खरं तर हे काम टायर बनवणाऱ्यांचं आहे. भार मोजायची यंत्रं त्यांच्याकडे आहेत, साचा त्यांच्याकडे आहे, आणि टायरच्या बाजूवर जागाही भरपूर आहे. मोटारीच्या टायरवर जे छापता येतं ते सायकलच्या टायरवर छापायला दोन आकडे पुरतात: इतका भार, इतक्या वेगापर्यंत. टायर घेताना मी दर वेळी हे आकडे मागते, आणि ज्या टायरचे मिळतात तोच घेते.